मैहरच्या बाबांचं घर आणि मुलांचा रियाज

रात्रीची रेवांचल पकडली की पहाटे मैहर येतं. शारदामातेच्या दर्शनाला आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. त्याच गावात उस्ताद अलाउद्दीन खाँ, म्हणजे सगळ्यांचे ‘बाबा’, पन्नासेक वर्षं राहिले. आपल्या भोपाळमध्ये १९७९ साली स्थापन झालेली संगीत अकादमी त्यांच्याच नावाची. अशोका गार्डनमध्ये ज्यांच्या घरी सतार, तबला किंवा पेटी आणली आहे आणि महिन्याभरात तिच्यावर खोळ चढली आहे, त्यांनी बाबांची गोष्ट जरूर वाचावी.

बाबांचा जन्म आजच्या बांगलादेशातल्या शिबपूर गावचा. घरात संगीत होतं, पण मुलाला तेवढं पुरेना. लहान वयातच ते घरातून पळाले आणि कलकत्त्याला पोहोचले. तिथे नुलो गोपाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायकांनी त्यांना शिकवायचं कबूल केलं, पण अट घातली की बारा वर्षं फक्त स्वरांचाच अभ्यास करायचा. मुलाने ती मान्य केली. सात वर्षं झाली आणि गुरू प्लेगने गेले.

पुढे बाबा वाद्यांकडे वळले. अमृतलाल दत्त यांच्याकडे ते अनेक वाद्यं शिकले, लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले. सरोदचं वेड लागल्यावर ते रामपूरला गेले. तिथले थोर बीनकार वझीर खाँ यांची भेट होईना, तेव्हा ते थेट नवाबाच्या गाडीसमोर आडवे झाले, असं सांगतात. नवाबाच्या शब्दावरून शिष्यत्व मिळालं, तरी प्रत्यक्ष तालीम सुरू व्हायला बराच काळ जावा लागला. बाबा सेवा करत राहिले आणि एकट्याने रियाज करत राहिले.

१९१८ च्या सुमारास ते मैहरचे महाराज ब्रिजनाथसिंह यांच्या दरबारी आले. त्याच काळात साथीच्या रोगाने गावातली कितीतरी मुलं पोरकी झाली होती. महाराजांच्या मदतीने बाबांनी ही मुलं गोळा केली आणि त्यांच्या हाती वाद्यं दिली. त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, मग स्वरलिपी कुठून वाचणार? बाबा वाजवून दाखवत आणि मुलं पाठ करत. सतार, सरोद, व्हायोलिन, तबला अशी वाद्यं एकत्र वाजू लागली. संस्थानातल्या बंदुकींच्या नळ्या कमी-अधिक लांबीच्या कापून बाबांनी ‘नलतरंग’ हे नवं वाद्यही बनवलं. असा मैहर बँड उभा राहिला आणि आजही तो वाजतो आहे.

या मुलांना घराण्याचा वारसा नव्हता आणि कौतुक करायला आईवडीलही नव्हते. त्यांच्याकडे होती ती रोजची ठरलेली वेळ, समोर बसलेला गुरू आणि बरोबरीने वाजवणारी दहा-पंधरा पोरं. आपण चुकलो तर सगळ्यांचं वादन बिघडतं, हे कळलं की मूल आपण होऊन जास्त लक्ष देतं.

स्वतःच्या घरात मात्र बाबा फार कडक. मुलगा अली अकबर याचा रियाज दिवसाला अनेक तास चाले आणि चुकलं की मार बसे. त्या धाकाने तो मुलगा घर सोडून पळालाही होता. पुढे १९३८ मध्ये नृत्य सोडून सतार शिकायला आलेले तरुण रविशंकर एकदा बाबांच्या बोलण्याने इतके दुखावले की त्यांनी सामान बांधलं. त्यांची समजूत घातली ती अली अकबरनेच. पुढे दोघेही जगप्रसिद्ध झाले, म्हणून मारण्याचं समर्थन होत नाही. धाकाने मूल वाद्यासमोर बसतं खरं, पण तसंच ते पळूनही जातं.

याच घरातली दुसरी हकिकत आपल्या जास्त उपयोगाची आहे. बाबांच्या थोरल्या मुलीला सासरी गाण्यावरून फार सोसावं लागलं. म्हणून धाकट्या अन्नपूर्णेला शिकवायचंच नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. एकदा ते बाजारातून परतले, तेव्हा अली अकबरचा रियाज चालू होता आणि ही पोर खेळता खेळता त्याची चूक दुरुस्त करत होती, तीही स्वतः बिनचूक गाऊन. बाबा दारातच थबकले. त्यांनी तिला आत नेलं आणि त्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी त्या याच. पुढे मुंबईत राहून त्यांनी कितीतरी शिष्य घडवले.

तिला कुणी शिकवलं नव्हतं, बस म्हणून दटावलंही नव्हतं. घरात रोज ठरल्या वेळी सूर लागत होते आणि ते तिच्या कानांवर पडत होते, एवढंच. बाबा स्वतःही म्हातारपणापर्यंत वाजवत राहिले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं, तरी मैहर सुटलं नाही. ६ सप्टेंबर १९७२ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला.

आपल्या मुलांना उस्ताद करायचंच असं काही नाही. पण वाद्य घेतलंच आहे, तर संध्याकाळी दिवा लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं टीव्ही बंद ठेवून आईने, बाबांनी किंवा आजी-आजोबांनी शेजारी बसावं. आपल्याला स्वरज्ञान नसलं तरी चालेल, ऐकायला कुणीतरी आहे एवढं मुलाला कळलं की झालं. शेजारच्या दोन-तीन मुलांना आठवड्यातून एकदा एकत्र वाजवू द्यावं. आणि धाकटं भावंडं तिथेच खेळत असेल, तर त्याला बाहेर पाठवू नये. त्याचे कान काय टिपत असतील, सांगता येत नाही.