गुस्टाव किरचॉफ : आजच्या सर्किट सॉफ्टवेअरमागचा विद्यार्थी

लॅपटॉपचा चार्जर किंवा गाडीतलं एखादं उपकरण बनवण्याआधी त्याचं सर्किट संगणकावर तपासलं जातं. ही तपासणी ज्या दोन नियमांवर चालते, ते १८४५ मध्ये २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मांडले होते.

गुस्टाव किरचॉफ यांचा जन्म १२ मार्च १८२४ रोजी प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग इथे झाला. हे शहर आज रशियात असून त्याचं नाव कालिनिनग्राड आहे. तिथल्याच विद्यापीठात फ्रान्झ नॉयमान यांच्याकडे शिकताना त्यांनी हे नियम मांडले. पहिला नियम : तारांच्या जोडावर जितका प्रवाह येतो, तितकाच बाहेर जातो. दुसरा : सर्किटमधल्या कोणत्याही बंद वाटेने पूर्ण फेरी मारली, की व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य होते.

१८५४ मध्ये ते हायडेलबर्गला प्राध्यापक झाले. तिथे रॉबर्ट बुन्सेन यांच्यासोबत प्रकाशाच्या वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखण्याची पद्धत त्यांनी उभी केली. सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्यं त्यातूनच सापडली. १८६८ मध्ये पायाला दुखापत झाली आणि पुढे बराच काळ कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरावी लागली. १८६९ मध्ये पत्नी क्लारा वारल्या. तरीही त्यांचं काम थांबलं नाही. १८७५ मध्ये ते बर्लिनला गेले आणि १७ ऑक्टोबर १८८७ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नियमांची आज खरी कसोटी लागते ती काही आधुनिक उपकरणांपाशी. साध्या बल्बचं व्होल्टेज घटलं की प्रवाहही घटतो. पण काही उपकरणांना कायम तेवढेच वॅट लागतात, त्यामुळे व्होल्टेज घटलं की ती उलट जास्त प्रवाह ओढतात.

समजा, १२ व्होल्टच्या बॅटरीचा अंतर्गत रोध १ ओहम आहे आणि तिला असं ३२ वॅटचं उपकरण जोडलं. किरचॉफ यांचे नियम लावले की दोन उत्तरं निघतात : ८ व्होल्टला ४ अँपिअर किंवा ४ व्होल्टला ८ अँपिअर. ४० वॅट मागितले तर उत्तरच निघत नाही, कारण ही बॅटरी जास्तीत जास्त ३६ वॅट देऊ शकते.

सॉफ्टवेअर आधी एक अंदाज धरतं आणि तो सुधारत उत्तराकडे जातं. अंदाज शून्य व्होल्टचा असेल, तर वॅटला शून्याने भागावं लागतं आणि गणित कोलमडतं. म्हणून ठरावीक व्होल्टेजच्या खाली हे उपकरण साध्या रोधासारखं वागतं, असं मॉडेलमध्ये धरतात. उपकरण कितीही नवं असलं, तरी प्रत्येक जोडावर आलेला आणि गेलेला प्रवाह जुळला, तरच सॉफ्टवेअर उत्तर मान्य करतं.