विश्लेषण : अजिंठ्याची चित्रे उतरवणारे मेजर रॉबर्ट गिल कोण होते? त्यांची बहुतेक चित्रे आज का पाहता येत नाहीत?

अजिंठा म्हटले की १८१९ मध्ये शिकारीला आलेला जॉन स्मिथ सगळ्यांना आठवतो. लेण्यांसाठी उभे आयुष्य खर्ची घालणारा दुसरा लष्करी अधिकारी मात्र अनेकांना पारूच्या प्रेमकथेतूनच माहीत असतो. ती कथा बाजूला ठेवली तरी मेजर गिल यांचे आयुष्य जाणून घेण्याजोगे आहे.

सैनिक अजिंठ्यात कसा आला?

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ मधला, लंडनचा. तरुणपणीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले. चित्रकलेचा हात मुळातच चांगला होता. स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला. अजिंठ्याची चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, निदान त्यांच्या प्रतिकृती तरी करून ठेवा, असा आग्रह तेव्हा धरला गेला. कंपनीने तो मानला आणि १८४४ मध्ये हे काम गिल यांच्याकडे सोपवले. ते तेव्हा चाळिशीत होते.

काम नेमके कसे चालायचे?

गिल यांचा मुक्काम लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या अजिंठा गावातील बारादरीत असे. हा सगळा मुलूख निजामाचा. वाघुर नदीच्या घळीत दाट झाडी, वाघ, मधमाश्यांची पोळी आणि तापाच्या साथी. लेण्यांच्या आत अंधार, भिंतींवर धुराची नि वटवाघळांची घाण. त्या अपुऱ्या उजेडात, मचाणावर उभे राहून, ते मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत मूळ चित्र उतरवत. वेगाने उरकण्यासारखे हे काम नव्हतेच. एकेक चित्र पूर्ण झाले की लंडनला रवाना होई. जवळपास दोन दशकांत अशी तीसेक मोठी चित्रे गेली. मधल्या काळात ते मेजर म्हणून निवृत्त झाले, तरी अजिंठा सुटला नाही. शिकारी म्हणूनही त्यांची ख्याती होती. दीडशेहून अधिक वाघ मारल्याचे सांगितले जाते. आज हा आकडा कौतुकाने सांगवत नाही.

मग ती चित्रे गेली कुठे?

लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ती प्रदर्शनात मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सर्व चित्रे जळून गेली. तिथे नसलेली मोजकीच वाचली. ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. साठी ओलांडलेल्या गिल यांनी यानंतर पुन्हा लेण्यांची वाट धरली. इथे थोडे थांबायला हवे. वीस वर्षांची मेहनत राख झाल्यावर बहुतेकांनी ब्रश खाली ठेवला असता.

सुदैवाने तोवर त्यांच्या हाती कॅमेरा आला होता. एकाच दृश्याची शेजारी-शेजारी दोन छायाचित्रे घ्यायची आणि विशिष्ट भिंगांतून पाहताना खोलीचा भास निर्माण करायचा, हे स्टिरिओस्कोपिक तंत्र त्यांनी वापरले. १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह या छायाचित्रांची पुस्तके लंडनमध्ये निघाली. लोणार, अन्वा येथील मंदिरेही त्यांनी टिपली. दीडशे वर्षांपूर्वी या वास्तू कशा दिसत, याचा तो आजही पुरावा आहे.

आणि पारू?

अजिंठा गावात तिची कबर आहे. पारू ही गिल यांना प्रिय होती आणि २३ मे १८५६ रोजी पटकीने गेली, एवढेच त्या दगडावरून कळते. गिल यांना इंग्रज पत्नी आणि मुले होती. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या काव्याने आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी केलेल्या चित्रपटाने पारू घराघरांत पोहोचली. त्यात कवीच्या कल्पनेचा वाटा मोठा आहे, हे वाचताना-पाहताना विसरू नये. पारूची स्वतःची बाजू कुठेच नोंदलेली नाही.

पुढे काय झाले?

गिल हयात असतानाच, १८७२ पासून, मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात चित्रे उतरवू लागले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमधल्या आगीत जळाल्या. दरम्यान, मूळ भिंतींवरचे पोपडे गळतच राहिले. त्यामुळे वाचलेल्या प्रतिकृती आणि छायाचित्रे यांना अभ्यासकांच्या लेखी मोल आहे. आज भिंतीवर नसलेला एखादा तपशील त्यांत सापडू शकतो.

१८७९ मध्ये गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे, पारूची अजिंठ्यात.