विठूचे लेकरू : संत चोखामेळा

मनुष्याची योग्यता कशावरून ठरते, हा प्रश्न फार जुना आहे. चौदाव्या शतकात पंढरपूरजवळच्या मंगळवेढे गावी राहणाऱ्या एका मजुराने आपल्या आयुष्यानेच त्याचे उत्तर दिले. तो मजूर म्हणजे संत चोखामेळा.

चोखोबा महार ज्ञातीतले. मेलेली गुरे ओढावी, गावकीची कष्टाची कामे करावी आणि उष्ट्या अन्नावर गुजराण करावी, एवढेच त्या काळी या ज्ञातीच्या वाट्याला येई. गावाने त्यांना एकच ओळख दिली होती. ती म्हणजे विटाळाची.

नामदेवांच्या सहवासात चोखोबांना दुसरी ओळख गवसली. विठ्ठल ही आपली माउली आणि आपण तिचे लेकरू, ही ती ओळख होय. परंतु माउलीच्या मंदिरात लेकराला प्रवेश नव्हता! महाद्वाराबाहेर उभे राहूनच दर्शनाची तहान भागवावी लागे. मुलाने आईपाशी गाऱ्हाणे सांगावे, तसे त्यांनी अभंगांतून आपले दुःख देवापुढे मांडले. कधी त्यांनी आपला जन्म पूर्वकर्माचे फळ मानला. तर कधी, विटाळ सर्वांच्याच देही असताना सोवळा कोण, असे निर्भयपणे विचारले. स्वतःला तुच्छ लेखणाऱ्याच्या मुखी असा प्रश्न येत नाही. त्यांची पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांनीही अभंग रचले. ज्या घराला समाजाने वेशीबाहेर ठेवले, त्याच घराची वाणी मराठीचे भूषण ठरली.

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबांचा अंत झाला. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या नामदेवांनी वेचल्या, अशी आख्यायिका आहे. पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधण्यात आली. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कोठे त्या मंदिराची दारे चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना उघडली. मधे सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती.

विद्यार्थी मित्रहो, कोणी कुळावरून, कपड्यांवरून वा परीक्षेतील गुणांवरून तुम्हांस हिणवले, तर चोखोबांचे स्मरण करा. आपण देवाची लेकरे आहोत. ही योग्यता कोणी दिलेली नाही आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. मात्र शेजारच्या बाकावर बसणारा मुलगाही त्याच माउलीचे लेकरू आहे, हे विसराल तर चोखोबा तुम्हांला कळलेच नाहीत असे होईल.