फेलिक्स देरेल

फेलिक्स देरेल यांनी वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. विद्या स्वतःच मिळवली. १९१७ साली त्यांनी जीवाणूंचे वैरी जगापुढे आणले. हे अतिसूक्ष्म विषाणू जीवाणूच्या शरीरात शिरतात, तेथेच वाढतात आणि अखेर त्याला फोडून बाहेर पडतात. त्यांना जीवाणुभक्षी म्हणतात.

१९१९ साली पॅरिसच्या एका बालरुग्णालयात बारा वर्षांचा मुलगा आमांशाने अत्यवस्थ झाला होता. जीवाणुभक्षींचे औषध देरेल व तेथील डॉक्टर यांनी आधी स्वतः प्राशन केले. अपाय होत नाही, अशी खात्री पटल्यावरच ते मुलाला दिले. मुलगा बरा झाला!

१९२७ साली ते हिंदुस्थानात आले. पटकीच्या साथीत पंजाबातील खेड्यांच्या विहिरींत त्यांनी हे औषध ओतले. त्यांना गुण दिसला. पुष्कळ तज्ज्ञांना मात्र पुरावा अपुरा वाटला. ही शंका अगदीच अनाठायी नव्हती, कारण प्रत्येक जीवाणुभक्षी ठरावीक जीवाणूंनाच मारतो. निवड चुकली की औषध वाया जाते. पुढे पेनिसिलिन आले. १९४९ साली देरेल वारले, तेव्हा बहुतेक देश त्यांचे औषध विसरत चालले होते. जॉर्जियातील तिबिलिसी येथे मात्र ते उपचार चालू राहिले. आता पेनिसिलिनसारख्या औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढल्यामुळे इतर देशांतील डॉक्टरही तिकडे वळू लागले आहेत.