रुग्णांचे बोर्जेस डॉक्टर

पावसच्या एखाद्या माणसाला कर्करोग झाला, की त्याला टाटाला नेले असे गावात सांगतात. टाटा म्हणजे मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय. ते ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव दिलेले आहे. हे डॉक्टर कोण होते?

त्यांचा जन्म १९०९ साली झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. टाटा ट्रस्टने १९४१ साली हे रुग्णालय सुरू केले. तेथे कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारे निष्णात डॉक्टर म्हणून त्यांनी नाव मिळवले.

त्या काळी कर्करोग म्हणजे मरणच, असे लोक समजत. रोगाचे नाव घ्यायलाही ते भीत. अंगावरची गाठ लपवत आणि फार उशिरा इलाजाला येत. अशा घाबरलेल्या माणसाला औषधाबरोबर धीरही लागतो. गोरगरीब रुग्णांना बोर्जेस डॉक्टरांचा मोठा आधार वाटे.

१९६९ साली ते वारले. रुग्णांना आपल्या घरचेच माणूस गेल्यासारखे दुःख झाले. ज्यांच्या अंगावर त्यांच्या शस्त्रक्रियेची खूण होती, ते त्यांना कसे विसरतील?

परगावच्या रुग्णाचा इलाज अनेक दिवस चालतो. मुंबईत त्याने राहावे कोठे? अशा रुग्णांसाठी वांद्रे येथे एक निवासगृह आहे. त्यालाही डॉ. बोर्जेस यांचेच नाव आहे. डॉक्टर गेले, पण त्यांच्या नावाचे छप्पर आजही रुग्णांच्या डोक्यावर आहे.