विद्यापीठातून गल्लीत गेलेला प्राध्यापक : सर पॅट्रिक गेडीस

शहराची आखणी हा विषय वर्गात शिकवायचा की रस्त्यावर? या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी आयुष्यभर जगून दाखवलं, ते सर पॅट्रिक गेडीस. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला.

लंडनमध्ये ते थॉमस हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही! मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली. सूक्ष्मदर्शकाचं काम पुढे अवघड झालं, आणि त्यांचं लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळलं.

१८८८ पासून ते डंडी इथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. घर मात्र एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत. लग्नानंतर पत्नी अ‍ॅना यांच्यासह ते मुद्दाम तिथे राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन सफाई केली, भिंतींना चुना दिला, छोट्या बागा केल्या. विद्यार्थ्यांची वसतिगृहंही तिथेच उभी केली. आधी पाहणी, मग निदान, मग उपचार, ही त्यांची पद्धत. डॉक्टर रोग्याला तपासतो ना, अगदी तसं.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज युद्धात जर्मन नौकेने बुडवलं. खचून न जाता त्यांनी ते पुन्हा जमवलं. मग गावोगाव पायी फिरून अहवाल लिहिले. रुंद रस्त्यासाठी अख्खी आळी पाडायची, हे त्यांना मान्य नव्हतं. पडायला आलेली मोजकीच घरं काढा, मोकळी जागा करा, झाडं लावा, असं ते सुचवत. यात खर्च कमी आणि गरिबांचं घरही वाचतं.

१९१७ साली मोठा घाव बसला. मुलगा युद्धात मारला गेला, आणि काही आठवड्यांतच अ‍ॅना यांचं भारतात निधन झालं. तरी काम थांबलं नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगची दहशत होती. तिथे दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून न्यायचं ठरलं. मग काय, लोक स्वतःच झाडायला लागले! सफाई कामगारही मिरवणुकीत मानाने चालले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडीसच. पुढे हा विभाग मालवणचे गो. स. घुर्ये यांनी नावारूपाला आणला. गेडीस १९२४ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे गेले आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच वारले.

त्यांच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या, हेही खरं. पण पाहणी न करता आराखडा काढू नये, हा त्यांचा धडा आजही नगररचनेत शिकवला जातो. आपणही मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना एक तास शाळेबाहेरच्या गल्लीत घ्यायला काय हरकत आहे? गटार कुठे तुंबतं, सावली कुठे आहे, चालायला जागा आहे का, हे मुलांना स्वतः बघू द्या. धडा तिथेच सुरू होतो.