पॉल साबात्ये : उत्प्रेरणाचा उपासक

वनस्पती तुपाचा डबा एके काळी आपल्या घरोघरी दिसे. पातळ तेल थिजवून घट्ट करण्याची ती किमया ज्या शोधावर उभी राहिली, त्याचे जनक पॉल साबात्ये होत.

दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन येथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी त्यांचा जन्म झाला. पॅरिस येथे बेर्तलो यांच्या हाताखाली संशोधन करून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १८८४ मध्ये ते तूलूझ येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८९६ मध्ये म्वासाँ व मूर्यू यांनी निकेलवरून ॲसिटिलीन वायू सोडला, तेव्हा धातू तापून लाल झाला. त्यांनी ही केवळ भौतिक घटना मानली. साबात्ये यांना मात्र तीत रासायनिक क्रियेची चाहूल लागली. तरीही, ते दोघे हे काम पुढे नेणार नाहीत याची म्वासाँ यांच्याकडे आधी विचारणा करूनच त्यांनी प्रयोगास हात घातला. १८९७ मध्ये धर्मोपदेशक असलेले सहकारी झाँ बातीस्त सांदरांस यांच्यासह त्यांनी एथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रण तापविलेल्या निकेलच्या भुकटीवरून सोडले आणि एथेन तयार झाले. पुढे याच रीतीने बेंझिनापासून सायक्लोहेक्झेन व कार्बन डाय-ऑक्साइडापासून मिथेन मिळाले.

होडीवाला उतारूंना पैलतीरी पोहोचवून रिकामी होडी घेऊन परततो, तसे निकेल हायड्रोजनाशी क्षणभंगुर संयुग करते, हायड्रोजन दुसऱ्या द्रव्यास देते आणि पुन्हा मोकळे होते, अशी त्यांची उपपत्ती होती. तिच्या तपशिलात पुढे बदल झाले, गाभा टिकला.

जर्मनीतील नॉर्मान यांनी १९०२ मध्ये ही क्रिया द्रवरूप तेलांना लागू केली आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. अर्धवट हायड्रोजनीभवनातून निर्माण होणारे ट्रान्स मेद हृदयास घातक असल्याचे मात्र फार उशिरा उमगले. भारतात २०२२ पासून तेले व मेद यांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले.

१९१२ चे नोबेल पारितोषिक साबात्ये यांना ग्रिन्यार यांच्याबरोबर विभागून मिळाले. सांदरांस यांना त्यात वाटा नव्हता. प्रयोगशाळेतील कष्टांचे ते सहभागी. म्हणून त्यांचे स्मरण केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही.

१९०७ मध्ये पॅरिसची मानाची पदे चालून आली असता साबात्ये यांनी ती नाकारली. तूलूझमध्येच १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. कार्बन डाय-ऑक्साइडाची त्यांची अभिक्रिया पुढे अंतराळस्थानकावर पाणी मिळविण्यासाठी उपयोगी पडली. राजधानीपासून दूर राहूनही विद्येची उपासना जगाच्या कामी येते, हे कारापूरसारख्या गावातील वाचकाला या जीवनाकडून खचितच उमगावे.